मधल्या झिऱ्याचा निळा ठिपका

माळावरनं चालून आलं की संध्याकाळी धोतराची कुसळं वेचत बसावं लागतं. किस्स्यांचं तसंच आहे बघा! चालताना पत्ता लागत नाही, घरी येऊन टेकलं की एकेक हाताला लागायला लागतं. बहुतेक कुसळं चिमटीत धरून टाकून देता येतात. एखादं मात्र आत शिरतं आणि तिथंच राहतं.

आमच्या पायदळाचे किस्से मी शेकड्यानं सांगितलेत. लग्नाच्या पंगतीत सांगितलेत, मर्तिकाला आलेल्या पाहुण्यांना सांगितलेत. एकदा तर दाताच्या डॉक्टरला सांगितलेत, तेही माझ्या तोंडात चिमटा असताना! पण शेवटचा किस्सा मी कुणाला सांगत नाही. आज सांगतो. पंचाहत्तरी उलटली, आता आणखी कुणाची वाट बघायची?

पायदळ म्हणजे आम्ही तिघं. मी सांगलीच्या एका हायस्कुलात भूगोलाचा मास्तर. कानावर कायम लाल-निळी पेन्सिल, त्यामुळं माझा एक कान दुसऱ्यापेक्षा पुढं आलाय असं बायको म्हणायची. दुसरा बापू, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यातला कंपाउंडर. आणि तिसरा हवालदार रंगराव. कऱ्हाडजवळचा उसाचा मळेकरी, आफ्रिकेच्या वाळवंटात लढाई करून आलेला. सासुरवाडी सांगलीत, म्हणून त्याचा मुक्काम सदा आमच्यातच.

चौथा मायाप्पा. पण तो पायदळात नव्हता. पायदळ त्याच्यामागं होतं.

* * *

सुरुवात दवाखान्याच्या बाकावर झाली. लढाई संपून वर्ष झालं असेल. रंगराव क्विनाइनच्या गोळ्या घ्यायला यायचा आणि आफ्रिका सांगत बसायचा.

"वाळवंटात वाट नस्ती गड्या," तो म्हणाला, "वाट मांडाय लागती! साहेब नकाशा बघायचा आन आमी मोकळी पिपं गडगडत न्यायचो. मैलाला एक पिंप, त्याच्यावर खूण. मागनं अख्खी फौज त्या पिपांवर चालायची. आता मला सांगा, आपला पूर्वेकडचा माळ काय कमी वाळवंट हाय? माण-आटपाडीपास्नं जतपतोर नुस्तं उजाड. तितं का न्हाई वाट मांडायची?"

"कुणासाठी?" मी विचारलं.

"चालनाऱ्यांसाठी!"

"तिथं कोण चालायला जाणार? तिथली माणसं तिथून पळून इकडं येतात!" बापू आतून बाटल्या हलवत ओरडला.

पण मला मात्र ते लागलं. मी पोरांना फळ्यावर सहारा शिकवत होतो, गोबी शिकवत होतो, आणि आपल्याच जिल्ह्यातला माळ मी आगगाडीच्या खिडकीतनंसुद्धा धड बघितला नव्हता. कऱ्हाडच्या संगमावर पाण्यात पाय बुडवायचे आणि तिथून चालत निघायचं ते थेट जत. नव्वद-एक मैल. वाटेत चुन्यानं रंगवलेले दगड. पांढरा पट्टा म्हणजे वाट, निळीचा ठिपका म्हणजे पाणी. शहरातल्या माणसांनी यावं, आठ दिवस चालावं आणि आपला मुलूख बघावा, एवढाच बेत.

रंगराव घरी सांगायला गेला. त्याचे वडील बांधावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजाऱ्याला हाक मारली.

"आरं, ऐकलंस का? ऊस उभा हाय, घरात म्हस आटलीया, आन आमचा हवालदार माळावरच्या दगडास्नी चुना लावाय निघालाय! घराला लाव म्हनलं तर कंबर दुकती त्येची!"

* * *

पहिल्याच फेरीत आमची शोभा झाली.

रंगरावाकडं फौजेतलं होकायंत्र होतं. ते त्यानं रुमालात, रुमाल डबीत, डबी कोटात असं जपलं होतं. "आता डोळं झाकून जत!" असं म्हणून त्यानं पूर्व धरली. आम्ही मागं. बापूच्या डोक्यावर चुन्याची बादली, माझ्या हातात वही. सकाळी एका वाकड्या बाभळीपासून निघालो. ऊन चढलं, पाणी संपलं, रंगराव मात्र होकायंत्रावरची नजर काढीना.

दुपार कलली तेव्हा समोर एक बाभळ आली. वाकडी. तिच्या बुंध्याशी बापूनंच सकाळी टाकलेल्या केळ्याच्या साली.

बाभळीच्या सावलीत घोंगडं टाकून एक धनगर बसला होता. साठीचा असेल. लाल पटका, पांढऱ्या मिशा, शेजारी कुत्रं. भोवती मेंढरं. त्यानं आम्हांला शांतपणे विचारलं,

"किती ऱ्हायल्या?"

"काय किती राहिल्या?"

"फेऱ्या. सकाळधरनं बघतुया, तुमी ह्या टेकाडाला वळसं घालताय. म्या म्हनलं कुन्या देवाचा नवस असंल!"

मग त्याची नजर रंगरावाच्या काखेकडं गेली. दगड उचकटायला आणलेली लोखंडी पहार रंगरावानं दिवसभर काखेत धरली होती, होकायंत्राच्या अगदी शेजारी! सुई बिचारी दिवसभर पहारीकडंच बघत होती. मी भूगोलाचा मास्तर, पोरांना लोहचुंबक शिकवणारा, मलासुद्धा ते दिसलं नाही.

तो धनगर म्हणजे मायाप्पा. त्या दिवशी त्यानं आम्हांला पाण्याला नेलं. नेलं नसतं तर हे किस्से सांगायला कुणीच उरलं नसतं.

* * *

त्या काळी संस्थानं विलीन व्हायची होती. आमची वाट म्हणजे सकाळी इंग्रजांच्या मुलखात तोंड धुवायचं, दुपारी एका संस्थानात भाकरी खायची आणि रात्री दुसऱ्या संस्थानात घोरायचं! अशाच एका हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं आम्हांला अडवलं.

"कुठं निघाला?"

"जतला."

"काम काय?"

"काम काही नाही."

"सोयरीक हाय?"

"नाही."

"मग?"

"जतला जायचं आणि परत यायचं."

शिपायानं जरा विचार केला. "मग हितनंच परत जावा की! त्येवढं चालायचं तरी वाचंल!"

तेवढ्यात त्याला चुन्याची बादली दिसली. दिवस धामधुमीचे, कुणाच्या पोत्यात काय निघेल याचा नेम नव्हता. त्यानं आम्हांला बसवून ठेवलं. कारकून आला. त्यानं पुन्हा तेच सवाल विचारले, आम्ही पुन्हा तीच उत्तरं दिली. शेवटी त्यानं वैतागून रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, "जाण्याचे कारण : येणे. येण्याचे कारण : जाणे."

आम्ही खाली सह्या केल्या. मायाप्पा मेंढरं घेऊन नाक्यावरनं सरळ निघून गेला होता आणि पलीकडच्या ओढ्यात आमची वाट बघत बसला होता.

"तुम्हांला का नाही अडवलं?" बापूनं विचारलं.

"मला कशापायी अडिवत्याल? मेंढरू कुठं निगालंय त्ये समद्यास्नी ठावं असतंय. चाऱ्याला!"

* * *

दगडांचा किस्सा तर विचारूच नका.

एका गावच्या शिवारात आम्ही मोठ्या हौसेनं वीस-पंचवीस दगड रांगेत रोवले, पांढरे शुभ्र. महिन्यानं परत गेलो. बापू पुढं होता, मान खाली, दगड मोजत. "अठरा... एकोणीस..." आणि वीस म्हणेपर्यंत रंगरावानं त्याची कॉलर मागून धरली. बापूचा एक पाय विहिरीवर!

झालं होतं काय, त्या शिवारात दोन चुलतभाऊ. पांढरा दगड दिसल्यावर दोघांनाही वाटलं, सरकारी मोजणी झाली, ही हद्द! थोरल्यानं पहाटे उठून दगड धाकट्याच्या रानात दहा पावलं सरकवले. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं ते थोरल्याच्या रानात वीस पावलं नेले. महिनाभर आमची वाट त्या दोघांच्या रानात इकडनं तिकडं फिरत होती, आणि शेवटी थोरल्यानं ती धाकट्याच्या विहिरीत नेऊन सोडली.

मी चावडीवर सगळ्यांना बोलावून समजावलं. ही मोजणी नव्हे, ही हद्द नव्हे, ही नुसती चालायची वाट आहे. थोरला भाऊ उठून म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. खोटं बोलू नगा. चालायला कुनी दगूड लावतंय व्हय?"

मायाप्पा कोपऱ्यात बसून हसत होता. परतताना मला म्हणाला, "मास्तर, दगडाचा काय दोस न्हाई. त्येचा मालक बदलला की त्यो दुसरंच सांगतुया."

मी हे वाक्य वहीत टिपून घेतलं. टिपून घेण्यात मी मोठा हुशार होतो.

* * *

आता पाण्याचं सांगतो. इथून पुढं हसायला कमी आहे.

त्या माळावर बारमाही नदी नाही. ओढे आहेत, ते दिवाळीलाच कोरडे. पण ओढ्याच्या वाळूत ठरावीक जागी हातभर उकरलं की पाणी झिरपून वर येतं. त्याला झिरा म्हणतात. कुठं उकरायचं हे धनगरांना ठाऊक. मायाप्पाच्या त्या वाटेवर असे सात झिरे होते.

झिऱ्याची रीत होती. आधी पायातलं काढायचं. काठी खाली ठेवायची. ओंजळीनं प्यायचं. पिऊन झालं की तळाची दोन मुठी वाळू उपसून टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला पाणी भरून राहतं. आणि मग झिऱ्यावर चपटा दगड सरकवायचा. ऊन लागू नये, घाण पडू नये, आणि दिसू नये म्हणून.

बापू पहिल्या दिवशी तहानेनं कासावीस होऊन बुटासकट धावला. मायाप्पानं काठी आडवी धरली.

"अहो, जीव चाललाय माझा!" बापू कळवळला.

"जाऊ द्या. बूट काडूस्तोवर काय जात न्हाई!"

आणि बापूच्या बुटाची नाडी सुटेना! ती सुटेपर्यंत मायाप्पा काठी धरून उभा होता, आणि त्याची मेंढरंसुद्धा.

सहा झिऱ्यांपाशी आम्ही दगडावर निळीचा ठिपका लावला. मायाप्पानं ते लावू दिले. ते झिरे गावांच्या जवळचे होते, गावकऱ्यांना ठाऊकच होते. पण चौथ्या आणि सहाव्याच्या मधे दोन दिवसांची चाल, आणि तिथला पाचवा झिरा गावापासून लांब, उघड्या माळात होता. त्याला धनगर मधला झिरा म्हणायचे. त्याच्यावरचा दगड सरकवण्याआधी मायाप्पानं मला बाजूला नेलं.

"मास्तर, हितं निळा ठिपका नगं."

रंगराव लांबून ऐकत होता. तो मधे पडला. "आवं मायाप्पा, फौजंत पानी आदी मांडत्यात, मग वाट! ठिपका नसंल तर परका मानूस तडफडून मरंल की!"

"परक्याला आमी दाखवू. आमी असतूच. ठिपका बोलावनं धाडतुया, हवालदार. तुमची फौज निगून जाती. आमची मेंढरं मिरगाच्या तोंडाला किस्नाकाठावरनं माघारी येत्यात तवा ह्येच पानी असतंय. कोकरं बारकी असत्यात. ह्यो झिरा गेला तर आमची वाट बंद."

मी पायताण काढलं. दगड सरकवून ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणालो, "मायाप्पा, या दगडावर ठिपका लागणार नाही. शब्द दिला."

ते पाणी गोड होतं. खरंच गोड. अजून आठवतं.

* * *

दोन वर्षांत वाट पुरी झाली. पुण्याकडनं कॉलेजची चार पोरं आली, आठ दिवस चालली आणि पायाला फोड घेऊन खुशीत परत गेली. आमचा ऊर भरून आला. मग मी नकाशा काढायला बसलो.

काय सांगू त्या नकाशाचं! महिनाभर रोज शाळा सुटली की मी त्याच्यावर वाकलेला असायचो. प्रत्येक टेकाड, प्रत्येक ओढा, प्रत्येक वाकडी बाभळ. पाण्याचे ठिपके शेवटी ठेवले होते. लाल-निळ्या पेन्सिलीचं निळं टोक नीट करून मी एक, दोन, तीन, चार, मग सहा, सात असे ठिपके दिले. आणि मग चौथ्या आणि सहाव्याच्या मधे मला ती मोकळी जागा दिसायला लागली.

भूगोलाच्या मास्तरला नकाशातली मोकळी जागा सोसत नाही. नकाशा अपुरा दिसत होता हो! दोन दिवसांची चाल आणि पाणी नाही, म्हणजे बघणारा म्हणणार, मास्तरला माहीत नव्हतं. मला माहीत होतं ना! मी पाचवा ठिपका दिला.

बापूनं तो बघितला. "मास्तर, तुम्ही शब्द दिला होता."

"दगडाचा दिला होता," मी म्हणालो, "कागदाचा नाही!"

रंगराव खो खो हसला. बापूही शेवटी हसला. पुढं दोन-तीन महिने मी हाच किस्सा सांगत होतो, टाळ्या घेत होतो. टीचर्स रूममध्ये तर हेडमास्तरांनी मला तो दोनदा सांगायला लावला.

नकाशा शिळाप्रेसवर छापून घेतला. शाळेच्या प्रदर्शनात मोठी प्रत भिंतीवर लावली.

प्रदर्शनाला मायाप्पा आला. मीच निरोप धाडला होता. मेंढरं तेव्हा कृष्णाकाठाला उतरली होती. खांद्यावर घोंगडं, पायताण दाराशी काढून तो आत आला. त्याला अक्षर येत नव्हतं. जन्मात त्यानं नकाशा बघितला नव्हता. मी काठीनं दाखवायला लागलो, तर त्यानं मला थांबवलं आणि स्वतःचं बोट कागदावर ठेवलं.

संगमापासून बोट निघालं. हळूहळू चाललं. टेकाडापाशी वळलं, जिथं आम्ही वळसे घातले होते तिथं तो जरा हसला. पहिल्या झिऱ्याशी थांबला. दुसऱ्याशी थांबला. तिसरा. चौथा. पोरं भोवती गोळा झाली होती. मला काय अभिमान वाटत होता म्हणता! अडाणी माणूस माझा नकाशा वाचतोय!

चौथ्यापुढं बोट निघालं आणि पाचव्या ठिपक्यावर थांबलं. बराच वेळ तिथंच राहिलं. पुढं जतपर्यंत ते गेलंच नाही.

"लय ब्येस काडलंय, मास्तर," तो म्हणाला. "समदं काडलंय."

मी चक्क छाती फुगवून पोरांकडं बघितलं. मायाप्पानं दाराशी पायताण घातलं आणि निघाला. चहा घेऊन जा म्हटलं, तर नको म्हणाला.

त्याला मी हाक मारायला हवी होती. नकाशा त्याच्यादेखत भिंतीवरनं काढायला हवा होता. मला ते सुचलंसुद्धा नाही, हे जास्त वाईट आहे.

* * *

यापुढचं रंगरावानं सांगितलं, मी तिथं नव्हतो.

आमच्या छापील नकाशाची एक प्रत रस्त्याच्या एका ठेकेदाराच्या हाती पडली. त्याचं काम माळावर चाललं होतं, गडी होते, बैल होते, खडी होती. पाणी नव्हतं. त्यानं नकाशा उघडला. निळा ठिपका अगदी कामाच्या जवळ! त्यानं बैलगाड्यांवर पिपं चढवली आणि गडी धाडले.

त्या गड्यांचा तरी काय दोष? त्यांनी दगड बाजूला केला, पिपं भरली. झिऱ्याचं पाणी ओंजळीच्या हिशेबाचं, पिपाला कुठून पुरणार? कमी पडलं म्हणून त्यांनी पहारी घातल्या. खाली चिकण मातीचा थर होता, त्यानंच पाणी धरून ठेवलं होतं. तो फुटला. पाणी खाली गेलं ते गेलंच.

रंगराव मृगाच्या आधी एकदा दगडांना चुना द्यायला म्हणून तिकडं गेला होता. परत आला तो सरळ माझ्या घरी. आफ्रिका सांगताना गल्ली गोळा करणारा माणूस, त्या दिवशी जोत्यावर बसून राहिला. बायकोनं पाणी आणून दिलं तर तांब्या हातात धरून नुसता बघत बसला.

"खड्डा हाय," म्हणाला. "पुरुसभर. कोरडा. त्यो चपटा दगूड दोन तुकडं होऊन पडलाय."

"आणि मायाप्पा?"

"मेंढरं येऊन ग्येली म्हनं तितनं. सवयीनं आली. खड्ड्याभवती उभी ऱ्हायली, हालंनात. पुढच्या झिऱ्यापतोर सगळी पोचली न्हाईत, मास्तर. कोकरं ऱ्हायली वाटंत."

किती राहिली, ते रंगरावाला ठाऊक नव्हतं. मायाप्पानं ते कधीच कुणाला सांगितलं नाही.

मी त्या दिवशी उरलेले नकाशे बंबात घातले. काय उपयोग? बापू दाराशी उभा होता. तो चिडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मास्तर, तो कागदाचा किस्सा आता सांगू नका."

दगडाचा शब्द, कागदाचा शब्द! चाळीस पोरांना मी रोज सांगत होतो, की नकाशा म्हणजे जमीनच. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला तो नुसता कागद वाटला. लाज वाटते हो. खोटं कशाला बोलू?

* * *

मायाप्पानं राहिलेली मेंढरं विकली. वाट बंद झाल्यावर मेंढरं ठेवून करणार काय? ज्यानं आयुष्यभर उघड्या माळाखेरीज दुसरं काही बघितलं नाही, तो कामाला लागला रंगरावाच्या उसात. रंगरावानंच हातापाया पडून नेला होता. काम दारं धरायचं. म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतनं दुसऱ्या सरीत सोडायचं, खोऱ्यानं दार फोडायचं, दार बांधायचं. दिवसभर पाण्यात.

मला तिकडं जायला दीड वर्ष लागलं. दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा बापूनं मला गाडीत बसवून दिलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला, मी उतरू नये म्हणून.

रंगराव मळ्याच्या तोंडाशी भेटला. आत बोट दाखवलं आणि स्वतः मागंच राहिला. ऊस डोक्याच्या वर गेला होता. मधून पाट वाहत होता, चांगला दोन हात रुंद. चहूकडं पाणी. सरीत पाणी, वाफ्यात पाणी, माझ्या पायाखालची मातीसुद्धा पचपचत होती. मायाप्पा खोरं घेऊन उभा होता. पटका तोच. पायाची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती.

"या मास्तर," तो म्हणाला. "लय दिसांनी. ऊन झालं आसंल. पानी पेनार?"

मी गाडीत बोलायचं सगळं पाठ करून आलो होतो. मी नुसती मान हलवली आणि पाटाशी वाकलो.

"तितलं नगं. हिकडं."

पाटाच्या कडेला उसाच्या सावलीत त्यानं हातभर खड्डा काढला होता. तळाला कुठून तरी आणलेली वाळू घातली होती. वर चपटा दगड. एवढं पाणी शेजारून वाहत असताना! त्यानं दगड सरकवला. खाली ओंजळभर पाणी होतं, नितळ.

मी पायताण काढलं. छत्री खाली ठेवली. गुडघ्यावर बसलो. ओंजळ पुढं करणार, तेवढ्यात मायाप्पानं हात पसरला.

"काय?" मी विचारलं.

त्यानं माझ्या कानाकडं बोट केलं.

"त्ये पन काडा."

लाल-निळी पेन्सिल. ती तिथं आहे हे मी विसरलोच होतो. मी ती काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं उलटीसुलटी करून दोन्ही टोकं बघितली आणि पटक्यात खोचली.

"आता प्या."

मी प्यालो. तळाची दोन मुठी वाळू उपसून टाकली. त्यानं दगड पुन्हा सरकवला आणि खोरं घेऊन पुढच्या सरीचं दार फोडायला गेला. पेन्सिल त्यानं परत दिली नाही, आणि मी मागितली नाही.